भीमसिंगनं देऊ केलेला हात

सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावर मी सतरा वर्षं मास्तरकी केली. तिथला भीमसिंग राठोड हंगामात ट्रॅक्टरवरचं मळणीयंत्र घेऊन गावोगाव फिरायचा. बोलायला कमी, कामाला वाघ आणि हट्टी असा, की एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाचंही ऐकणार नाही.

शहाण्णव सालच्या सुगीत त्याच यंत्रात त्याच्या बायकोचा, रूपाबाईचा, उजवा हात मनगटापासून गेला. सोयाबीन अडकलं म्हणून भीमसिंगनं यंत्र थांबवलं होतं. रूपाबाई आतल्या काड्या ओढत होती आणि यंत्र एकाएकी फिरलं. "गिअर आपसूक पडला," असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. तांड्यानं मानलं, मीही मानलं.

दोन वर्षांनी पेपरात बातमी आली. फ्रान्समध्ये डॉक्टरांनी एका मेलेल्या माणसाचा हात दुसऱ्या जिवंत माणसाला बसवला होता. मास्तर माणसाला छापलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय चैन पडत नाही. मी शाळेच्या ओट्यावर बसून ती सगळ्यांना वाचून दाखवली. भीमसिंगनं त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं ऐकलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गडी माझ्या दारात हजर.

"गुरुजी, नांदेडच्या डॉक्टरकडं चला. माझा उजवा हात काढून रूपाला लावायचा हाय."

मी परोपरीनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मीच ही बातमी वाचली म्हणून स्वतःला चार शिव्या दिल्या आणि निघालो. रूपाबाईला त्यानं फक्त "डॉक्टरला दाखवून येऊ" एवढंच सांगितलं होतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. म्हणाले, जिवंत माणसाचा चांगला हात असा काढत नाहीत. आपल्या देशात हे अजून कुणी केलेलंही नाही. आणि बसवला तरी शरीर त्या हाताला परका समजून झिडकारतं. मग त्यासाठी जन्मभर गोळ्या, आणि त्या गोळ्यांमुळं वेगळी दुखणी.

"ईस वर्सं झाली लग्नाला," भीमसिंग म्हणाला. "माझा हात तिच्या अंगाला परका कसा व्हईल, साहेब?"

रूपाबाईला आता कुठं उलगडा झाला आणि ती भडकली.

"कोणाला इचारून हात देऊन राहिले तुमी? अन् काहून?"

भीमसिंगनं मान खाली घातली. मग म्हणाला, "गिअर आपसूक पडला न्हवता. म्याच टाकला. तुझा हात भाईर निघाला असं वाटलं. पाहिलं न्हाई."

रूपाबाईचा राग जागच्या जागी निवला.

"ठाव हाय," ती म्हणाली. "तुमचा हात गिअरच्या दांड्यावर व्हता. म्या पाहिला."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"तुमच्या बोलण्याची वाट पाहून राहिली व्हती. दोन वर्सं."

त्या तांड्यात रीत होती, की झालेली चूक तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, दारात सगळ्यांसमोर सांगायची. नायक मग ज्याचं नुकसान झालं त्यालाच दंड विचारायचा. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी भीमसिंग हिरासिंग नायकाच्या दारात उभा राहिला आणि सगळं बोलला. नायकानं रूपाबाईकडं पाहिलं.

तांड्यातल्या लग्न झालेल्या बाया कानांजवळ केसांत चांदीची घुगरी-टोपली बांधतात. तेच त्यांचं सौभाग्य. ती बांधायला दोन हात लागतात. हात गेल्यापासून रूपाबाईनं ती पेटीत टाकली होती. लेकीनं, नितानं, कितीदा विनवलं, तरी तिच्याकडून बांधून घेतली नव्हती.

"रोज सकाळी यांनीच बांधून द्यावी," ती म्हणाली. "दारात बसून. समद्यांसमोर."

बाप्ये जमिनीकडं पाहू लागले. बाया पदराआड हसल्या.

सकाळी शाळेत जाताना मी मुद्दाम त्यांच्या दारावरून गेलो. भीमसिंग रूपाबाईजवळ बसून राकट हातांनी गाठ मारत होता. टोपली वाकडी बसली, तशी त्यानं ती सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा वाकडीच. तो तिसऱ्यांदा सोडायला लागला.

"राहू द्या," रूपाबाई म्हणाली. "उद्या जमंल."