मैत्रिणीचे सुतक

मुलांनो, मागच्या वर्षी महालक्ष्म्यांचा फोटो पाहून तुम्ही फोनवर विचारले होते की थोरलीची हिरवी साडी यंदा धाकटीला कशी. मी "असंच" म्हणून विषय बदलला. खरे उत्तर फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून आता लिहिते आहे. आधीच सांगून ठेवते, त्या दिवशी माझ्या मनात भक्ती नव्हती. वैताग होता. देवीचा, डोकेदुखीचा, आणि सगळ्यात जास्त शकूचा.

शकूआजी तुम्हाला आठवत असेल ती खालच्या मजल्यावरची, तुमच्या खिशात भाजलेल्या शेंगा कोंबणारी म्हणून. ती उमरेडच्या विणकरांच्या घरातली, मी शाळेत इंग्रजी शिकवणारी, आणि आमचे एकमेकींवाचून पान हलत नसे. सासूबाई गेल्यापासून आपल्या महालक्ष्म्यांना साड्या तीच नेसवायची. पितळी मुखवटे मी घासायचे, फराळ मी करायचे, पण साडीला ती मला हात लावू द्यायची नाही. एकदा मी हट्टाने बसले तर म्हणाली, "मास्तरीणबाई, निऱ्या पाडून राहिली का पट्टीनं रेघा आखून राहिली वं?" त्यानंतर मी नाद सोडला. शिकायला हवे होते, पण शकू आहे म्हटल्यावर शिकायचे कशाला, असे माणूस समजते.

माझी अर्धशिशी मात्र शकूपेक्षाही जुनी. ती सणवार पाहून येते. उपायांची मला चीड आहे. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खा, नाकात तूप सोडा, सुंठ उगाळून लावा, चष्मा बदला, स्वभाव बदला. धंतोलीतल्या डॉक्टरांच्या गोळ्या मी शिस्तीत घेते, त्यांचा उपयोग होतो तेव्हा होतो. शकूने एकही उपाय कधी सुचवला नाही. ती पडदे ओढायची, ओला पंचा माझ्या कपाळावर टाकायची आणि खाली फरशीवर वाती वळत बसायची, कारण वाती वळण्याचा आवाज होत नाही. मला बरे वाटले की, "झालं नाटक?" असे विचारून आपल्या घरी जायची.

ती वैशाखात गेली. सकाळी बोललो, दुपारी नव्हती. मी त्यांच्या घरून परत आले, आंघोळ केली आणि संध्याकाळी पोळ्या लाटल्या. कारण मैत्रिणीचे सुतक नसते. आजोबांचे पुलगावचे एक चुलत काका वारले होते, ज्यांना मी एका लग्नात लांबून पाहिले होते, त्यांचे आम्ही पूर्ण दहा दिवस पाळले. देवाचा दिवा नाही, तळण नाही, लोक भेटायला आले. शकूचे काही नाही. मला भेटायला कोणी येण्याचे कारणच नव्हते. जे आले ते तिच्या सुनेकडे गेले, आणि तेही बरोबरच. आणि रडण्याचीही सोय नाही, कारण रडले की माझे डोके चढते आणि दोन-दोन दिवस उतरत नाही. म्हणून मी रडलेच नाही. वैशाखापासून भाद्रपदापर्यंत मी फक्त चिडत होते. भाजीवाल्यावर, मेट्रोच्या गर्दीवर, सीताबर्डीला ब्लाउजपीस दाखवणाऱ्या पोरीवर आणि आजोबांवर.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, यंदा महालक्ष्म्या राहू दे. ज्या घरात कोणी गेलेले नाही तिथे सण थांबवायचा तर काय सांगून थांबवायचा? मी मांडायचे ठरवले, पण मुखवटे घासताना देवीला स्पष्ट सांगितले की हे शेवटचे. तुला नेसवणारीला तूच नेलीस, तर पुढच्या वर्षी तुझी सोय तू बघ. मुखवटे देवळात देऊन टाकायचे मी नक्की केले होते.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी दुपारी डोळ्यांपुढे अर्धशिशीची ती नेहमीची, करवतीच्या दात्यांसारखी चमचमती रेघ आली. आता डोके चढणार हे मला कळले. तोवर लोखंडी स्टँडवर मुखवटे बसवून झाले होते आणि साड्या घडीतच होत्या. आजोबांनी प्रयत्न केला. त्यांनी थोरलीला टॉवेल गुंडाळल्यासारखी साडी गुंडाळली, ती सरकून खाली आली, आणि ते सेफ्टीपिन शोधायला गेले ते टीव्हीसमोर बसले. मी आतल्या खोलीत पडदे ओढून पडले. आपल्या घरी देवी उघड्या उभ्या आहेत आणि आपण पालथे पडलो आहोत, याची लाज वाटण्याइतकीही ताकद नव्हती.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली, माझ्या कवटीतच वाजल्यासारखी. आजोबांना हल्ली कमी ऐकू येते हे तुम्हाला माहीत आहे. कोणीतरी बाई काहीतरी बोलली, त्यांनी "आत आहे, आत आहे" म्हणून तिला सरळ माझ्या खोलीत पाठवून दिले. मी डोळे किलकिले केले. चाळिशीची असेल, हातात फुलांची पिशवी, मी तिला कधी पाहिलेले नव्हते. ती दारातच थबकली. मागे न नेसलेल्या महालक्ष्म्या, पुढे अंधारात तोंडावर पंचा टाकून पडलेली म्हातारी.

हळू आवाजात तिने विचारले, "मावशी, मधातच सुतक पडलं का जी?"

नाही म्हणायचे होते. तुम्ही कोण, असे विचारायचे होते. तोंडातून निघाले, "हो."

"कोण गेलं?"

"मैत्रीण."

आता ती म्हणेल की मैत्रिणीचे कुठे सुतक असते, याची मी वाट पाहत राहिले. उत्तरही चिडून तयार ठेवले होते. ती म्हणाली, "मंग तुमचा हात लागाले नाही पाहिजे त्यायले. पडा तुम्ही, मी नेसवून देतो." वळली, पुन्हा वळून म्हणाली, "रडा न जी मावशी. सुतकात नाही रडाचं त कवा रडाचं?"

मी रडले. तोंडात पंचा कोंबून रडले, मग पंचा काढून रडले. डोके चढायचे तसे चढले, पूर्वी कधी चढले नव्हते इतके. उलटी झाली, आजोबांनी घमेले धरले आणि काय झाले हे एकदाही विचारले नाही. त्यानंतर मी झोपले.

जाग आली तेव्हा समया लागल्या होत्या. ती बाई निघून गेली होती. महालक्ष्म्या नेसून उभ्या होत्या, पण साड्यांची अदलाबदल झाली होती. थोरलीची हिरवी धाकटीला, धाकटीची लाल थोरलीला, आणि निऱ्या इतक्या ढिल्या की शकूने पाहिल्या असत्या तर तिथेच डोक्याला हात लावला असता. मी सवयीने पुढे झाले. पिनेपर्यंत हात गेला आणि थांबला. मला सुतक होते. मी स्वतःच्या तोंडाने हो म्हटले होते, आणि सुतकात हात लावायचा नसतो. सगळे जागच्या जागी ठेवणारी तुमची आजी ती चुकीची मांडणी तशीच पाहत राहिली. पूजा आजोबांनी केली. सुतक माझे एकटीचे होते, त्यांचे नव्हते. डोके अजून थोडे दुखत होते, पण त्यात चीड नव्हती, नुसते माझे डोके दुखत होते, फार दिवसांनी. उलटी आणि झोप झाली की अर्धशिशी उतरते, असे डॉक्टर सांगतील. सांगू द्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या गडबडीत समोरच्या विंगमधल्या बाई हसत हसत माफी मागायला आल्या. त्यांचे आणि आपले आडनाव एक, मजलाही एक. पहिल्यांदाच आलेल्या त्यांच्या काटोलच्या नातेवाईक बाई विंग चुकल्या होत्या, आणि घरी उशिरा पोचून म्हणाल्या, दुसऱ्याच्या महालक्ष्म्या नेसवून आलो. या समोरच्या बाईंना आधी ती थट्टाच वाटली होती. हे ऐकून मला थोडा रागच आला. देवीला यायचेच होते तर निदान माझा पत्ता घेऊन तरी यायचे. पण मग वाटले, मी तिला बोलावले कुठे होते? मी तर तिला घराबाहेर काढायच्या तयारीत होते. न बोलावता यायचे तर माणूस चुकूनच येणार. त्यात मी आणखी काही शोधले नाही.

तिसऱ्या दिवशी अक्षता आजोबांनी टाकल्या. निरोप देताना आपण "पुन्हा या" म्हणतो. ते मी म्हणणार नव्हते. म्हटले. शकूलाही त्यातच म्हटले. मुखवटे आजोबांनी फडक्यात बांधून कपाटात ठेवले आहेत, यंदाही मांडेन, आणि साड्या जो कोणी येईल तो जशा नेसवेल तशा. अर्धशिशी सणाला येईलच, तिला मी आता तारीख विचारत नाही.

तुम्ही दोघे इतक्या लांब आहात, तिथले रिवाज मला ठाऊक नाहीत. कधीतरी तुमचेही असे कोणी जाईल ज्याच्याशी तुमचे काही नाते लिहिलेले नसेल, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर याल असे सगळे धरून चालतील. तेव्हा जाऊ नका. कोणी विचारले तर सांगा, आमच्या नागपूरच्या घरात मैत्रिणीचे सुतक पाळतात.