पेटी नीट उचलली

त्याला सगळे कपाटवाला म्हणत. घरं बदलणाऱ्यांचं सामान वाहण्यात त्याची एकतीस वर्षं गेली. जिन्यावरून लोखंडी कपाट चढवायचं असलं की मुकादम त्यालाच पुढे करी. कपाट भिंतीला घासता कामा नये आणि टेकवताना आवाज होता कामा नये. याला तो काम म्हणे. बाकीची ओढाओढ.

त्याची कंबर गेली ती दुसऱ्याच्या आळसामुळे. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खालच्या जोडीदाराने घाम पुसायला हात सोडला. याने वरून एकट्याने कपाट तोलून धरलं. कपाटाला ओरखडाही आला नाही. तेव्हापासून घर चालायचं ते अपंगांच्या भत्त्यावर आणि बायकोच्या शिलाईवर.

नऊ वर्षांनी सरकारने भत्त्यात सुधारणा करायची ठरवली. फुकट खाणारे धडधाकट लोक शोधून काढायचे होते. म्हणून मोडलेल्यांनाही पत्रं गेली, तपासणीला या.

बायकोने घरातच रंगीत तालीम घेतली. पिठाचा डबा खाली ठेवला आणि सांगितलं, हात लावायचा, कण्हायचं, सोडून द्यायचं. त्याने तीनदा डबा उचलून ओट्यावर ठेवला आणि तिसऱ्यांदा भिंत धरून उभा राहिला. अर्धवट उचललेलं ओझं सोडणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

"अहो, तुम्हाला नापास व्हायचंय," ती म्हणाली. "आयुष्यात एक काम तरी बिघडवून या."

तपासणारी मुलगी लेकीच्या वयाची होती. तिने वाकायला सांगितलं, तो गुडघ्यापर्यंत जाऊन अडकला. तिने लिहून घेतलं. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिने कोपऱ्यातली कागदांची पेटी दाखवली आणि जमली तर टेबलावर ठेवा म्हणाली.

पेटीची दोरी कुणीतरी वाकडी बांधली होती. सगळा भार एका अंगाला. ते त्याला बघवेना. त्याने दोरी सोडली, कागद सारखे केले, पुन्हा आवळून बांधली. गुडघे मोडून, पेटी छातीशी धरून उठला आणि टेबलाच्या कडेला कड मिळवून ठेवली. आवाज झाला नाही. टाचेपासून मानेपर्यंत कळ गेली, पण चेहरा हलला नाही. हमालाने तोंड वाकडं केलं की सामानाच्या मालकाचा जीव टांगणीला लागतो. एकतीस वर्षांची सवय.

"जमलं की छान," मुलगी म्हणाली आणि तिने कागदावर खूण केली.

तो आठ दिवस अंथरुणाला खिळून होता. नवव्या दिवशी पत्र आलं. अर्जदार वजन सुरक्षितपणे, नीटनेटकेपणे व विनातक्रार उचलतो. कामास योग्य. भत्ता बंद.

त्याच्या कामाबद्दल कुणी चांगलं लिहून देण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"चौकट करून लावा," बायको म्हणाली. "जेवायच्या वेळी समोर बसून बघू."

फेरविचाराचा अर्ज करता येत होता. त्यात प्रश्न एकच होता: तपासणीत दिलेलं काम तुम्हाला नीट जमलं का? हो किंवा नाही. त्याने खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, पेटी नीट उचलली, मग आठ दिवस उठलो नाही.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "काका, इथे लिहायचं नसतं. खूण करा."

त्याने सांगितलं की दोन्ही खरं आहे. कारकून म्हणाला की खरं-खोटं वरचे साहेब बघतात, त्याला फक्त एक खूण लागते. मागे रांग खोळंबली होती. बायको शेजारी उभी होती. एरवी तिची जीभ कात्रीसारखी चाले. आत्ता सुईने चाळणी झालेली बोटं तेवढी तिने पदरात घेतली.

त्याने 'नाही'वर खूण केली. जिन्याच्या वळणावर हात सोडल्यासारखं वाटलं.

दहा दिवसांत उत्तर आलं. अर्जदाराने प्रामाणिकपणे माहिती दिल्यामुळे भत्ता पूर्ववत चालू करण्यात येत आहे.

ते पत्र बायकोने फाइलला लावलं. पहिलं पत्र त्याने घडीच्या कपड्यांखाली सरकवलं आणि कपाटाचं दार लावलं. आवाज न करता.