तलातोनं उगारलेला कालथा

पारे आला की तलातो झुंग्राना पातेल्यातून डोकं वर न काढताच म्हणायची, "आला का कुत्रं खाणारा? आज भेंडीच आहे. कुत्रं संपलं."

पारे सामो, तलातो मोसी. वागादुगू शहरात या दोन जमातींनी एकमेकांना काहीही बोलावं, राग मानायचा नाही. आजा-पणजापासूनचं थट्टेचं नातं. "गुलामानं मालकाशी जरा अदबीनं बोलावं," असं म्हणत पारे बाकावर बसायचा आणि साग्बोचे दोन गोळे हाणायचा. बाजरीचं पीठ तलातोसारखं कोणी घोटत नाही, हे मात्र तो थट्टेतही नाकारायचा नाही.

पारे वॉर्डाचा नगरसेवक होता, राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचा. तलातोची पत्र्याची शेड त्याच्या शब्दावर उभी होती. नवरा गेल्यावर तिनं त्या शेडखाली चार मुलं वाढवली. शब्द फिरला की शेड गेली, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते बोलून दाखवायची वेळ कधी आली नव्हती.

त्या ऑक्टोबरात आली. राष्ट्राध्यक्ष सत्तावीस वर्षं खुर्चीत होते. घटनेत मागाहून दोनच मुदतींची अट आली होती, त्याही संपत आल्या होत्या. आता त्यांना ते कलमच बदलायचं होतं. बाजारातल्या बायकांच्या मंडळात कपडे शिवणारी उर्सुल ते कलम मोठ्यानं वाचून दाखवायची. तलातो ऐकत राहायची. एकदाच बोलली. तिच्या थोरल्याला आता मूल झालं होतं, आणि थोरल्यानं जन्मात दुसरा राष्ट्राध्यक्ष पाहिला नव्हता. "त्याला वाटतं, हा माणूस पावसासारखा असतोच," ती म्हणाली. "नातवाला तसं वाटायला नको."

पारेनं येत्या सोमवारी सकाळी वॉर्डात घटनाबदलाच्या बाजूनं सभा ठेवली. येणाऱ्याला टोपी आणि जेवण. त्यानं तलातोला चार मोठी पातेली साग्बो सांगितला.

"तुझ्या त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यासाठी मी पीठ भिजवणार नाही," ती म्हणाली.

पारे खो खो हसला. "बघा, गुलाम माजली."

"खरंच सांगते. दुसरी कोणी बघ."

"दहापर्यंत पाठव," म्हणत त्यानं मोटरसायकलला किक मारली.

तिनं रविवारी पुन्हा निरोप धाडला. तेव्हाही तो हसला. इतकी वर्षं तिच्या तोंडून शिव्याच ऐकलेल्या. नकार त्याला ऐकूच आला नाही. दुसरी बाई त्यानं शोधलीच नाही.

सोमवारी तलातोची चूल पेटली नाही. तिनं आईचा लाकडी कालथा खाली काढला. हातभर लांब, घोटून घोटून एका कडेनं झिजलेला. उर्सुल आणि मंडळातल्या बाकीच्या आपापला घेऊन आल्या. मोठ्या रस्त्यावर घटनाबदलाविरुद्ध निघालेल्या इतर वस्त्यांतल्या बायका मिळाल्या आणि रस्ता दिसेनासा झाला. बाई पुरुषावर कालथा उगारते ती सगळं बोलून झाल्यावर. मग त्या पुरुषाचं काही धड होत नाही, असं मानतात. कडेला उभ्या पोलिसांनी माना फिरवल्या.

पारे धावत आला. सभेला आलेले लोक उपाशी बसले होते.

"तलातो, पुरे झाली थट्टा. जेवण कुठंय?"

"मी नाही म्हणाले होते."

"ती थट्टा होती."

"नव्हती."

त्यानं आवाज खाली आणला. शेडचं काय होईल ते माहीत आहे ना, असं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तलातोनं कालथा वर केला. मारला नाही. त्याच्या कपाळासमोर नुसता धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"पाड," ती म्हणाली. "चूल जमिनीवर असते."

पारे मागे सरकला. त्यानं हसायचा प्रयत्न केला. नुसते ओठ हलले.

मंगळवारी शेड पाडली. पत्रे ट्रकमध्ये घालून पारेच्या घरी नेले. तलातोनं त्याच जागी तीन दगड मांडले, पातेलं चढवलं आणि उन्हात बसली. त्याच आठवड्यात संसदेला आग लागली आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. लोक तिला म्हणाले, चल, पारेच्या घरून तुझे पत्रे आणू. ती गेली नाही. गिऱ्हाइकं वाढली होती. बाक नव्हता, तरी उभ्यानं खात होती.

काही दिवसांनी पारे आला. पायी. दगडांपलीकडे उभा राहिला.

"काय गं गुलाम," तो हळूच म्हणाला, "मालकाला उपाशी मारणार का?"

खाणारे हात थांबले. थट्टेला थट्टेनं उत्तर द्यायचं, ही रीत. सगळे कुत्र्याच्या शिवीची वाट बघत होते.

तलातोनं दोन गोळे काढले. त्यावर भेंडीचं कालवण ओतलं. दोन्ही हातांनी ताटली पुढे केली.

"घ्या, पारेसाहेब," ती म्हणाली. "बाक नाही. तुम्हाला उभ्यानंच खावं लागेल."

पारेनं ताटली घेतली. घास तोंडापर्यंत नेला आणि पुन्हा खाली आणला.

"एक तरी शिवी दे," तो म्हणाला.

"साहेबांना शिवी कशी देणार?" तलातो म्हणाली, आणि पुढच्या माणसाचं ताट वाढायला वळली.