याच्या घरी कोन हाय?

अंतराळातला कुठलाही पिक्चर सुरू झाला की भुईगावची आमची शेजारीण मावशी मला कोपराने ढोसून विचारते, “याच्या घरी कोन हाय?” तिचा मुलगा मालवाहू जहाजावर असतो.

यानांच्या मारामारीचा, जगभर गाजलेला हाऊसफुल पिक्चर तिने वेफर्स खात शेवटपर्यंत पाहिला. बाहेर येऊन म्हणाली, “चांगला होता. भूक लागली.” मी तर पिक्चर किती चालला यावरच त्याची लायकी ठरवायचो.

मग विरारला एक पडलेला पिक्चर पाहिला. अख्ख्या थेटरात आम्ही दोघंच. यानातला एकटा माणूस आईला निरोप पाठवतो आणि तो निरोप पोचायलाच वर्षं लागतात. या वेळी मावशीचं कोपर आलं नाही. शेवट जवळ आला तशी ती उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

“तो घरी पोचला का नाय, मला सांगू नको,” एवढंच म्हणाली.

शुक्रवारी पिक्चर उतरला. हल्ली संध्याकाळी ती कुंपणाशी येते, इकडचं तिकडचं बोलते, जरा घुटमळते आणि परत जाते.

तो पोचत नाही. पण तिने विचारलंच तर काय सांगायचं, ते मी ठरवून ठेवलंय.