रुमालाची कड

माझ्या लहानपणी आईला बसमध्ये खिडकीची जागा मिळाली नाही, असं मला आठवत नाही. हिंगोलीच्या स्टँडवर गाडी फलाटाला लागता लागता आबा, म्हणजे आमचे वडील, गर्दीतून पुढं घुसायचे आणि आपला निळ्या चौकड्यांचा रुमाल खिडकीतून आतल्या सीटवर टाकायचे. रुमाल पडला की जागा आपली, हा कायदा सगळ्यांना मान्य होता. आबा डेपोतच मेकॅनिक होते, पण बायकोची जागा मात्र चारचौघांसारखी बाहेरूनच धरायचे. मग आई चढायची, रुमाल उचलून मांडीवर घ्यायची आणि काच सरकवून तोंड वाऱ्याला धरायची. ती अशी का बसते, हे मी कधी विचारलं नाही. मला खिडकी मिळत नाही, याचाच मला राग असायचा.

पुढं मी शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो, आबा निवृत्त झाले आणि दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाल्यावर आईला हृदयाचा त्रास सुरू झाला. दर पंधरा दिवसांनी नांदेडला दाखवायला आणा आणि उन्हापासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्याकडं होळी झाली की ऊन डोक्यावर बसतं. म्हणून मी हट्टानं एसी असलेली एक जुनी पांढरी गाडी घेतली. आईला एकसुद्धा झळ लागू द्यायची नाही, हा माझा पण होता. पहिल्या फेरीला मी सगळ्या काचा चढवल्या, एसी लावला आणि कळमनुरी येईपर्यंत दहादा विचारलं, "आई, गार वाटून राहिलं ना?"

ती पदर तोंडाला लावून मान हलवायची. "लै गार हाय रं."

मला वाटलं, गारठा लागतोय म्हणून पदर लावला असेल. काय ती माझी अक्कल!

त्याच सुमारास आईचे उपास वाढले. नांदेडचा दिवस आला की ती सकाळी घोटभर चहावर निघायची. कधी तो मंगळवार असायचा, कधी शुक्रवार. मी थट्टा करायचो, "आई, तुझा देव डॉक्टरची तारीख बघून उपास सांगतो का?" ती हसायची आणि मीही माझ्याच विनोदावर खूश व्हायचो.

अशा चार फेऱ्या झाल्या आणि ऐन मे महिन्यात एसी बंद पडला. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, जाळीतून वाराही यायचा, पण गरम. एरवी बटण दाबलं की बॉनेटखालून 'टक्' असा आवाज यायचा, तो येईना. तो आवाज म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच चिकटल्याची खूण. क्लच चिकटला नाही तर पुली नुसतीच फिरत राहते आणि गारवा तयारच होत नाही. हे सगळं मला आबांनीच समजावून सांगितलं होतं.

रविवारी अंगणात बॉनेट उघडून आम्ही दोघं कामाला लागलो. मी फ्यूज काढून उजेडात धरला, आतली तार शाबूत होती. एसीचा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारी डबी, काढून हॉर्नच्या जागी लावला, तर हॉर्न खणखणीत वाजला. म्हणजे रिलेही चांगला होता. आबा करंट तपासायचा टेस्ट लॅम्प घेऊन शेजारी उभे होते. बाजेवर पडल्या पडल्या रस्त्यावरच्या बसचा आवाज ऐकून तिचा रोग सांगणारा हा माणूस त्या दिवशी प्रत्येक गोष्टीला "हे बी बराबर हाय" एवढंच म्हणत होता. मी कॉम्प्रेसरकडं जाणाऱ्या वायरीला हात घातला, तेव्हा मात्र घाईनं म्हणाले, "ते राहू दे. गॅस गेला असंल. गॅस कमी झाला की बी क्लच चिकटत न्हाई. वारंगा फाट्याला दाखवू."

घामानं माझा जीव वैतागला होता, त्यात विज्ञानाचा मास्तर असून आपल्याच अंगणात हार खाल्लेली. मी फटकन बोलून गेलो, "आबा, तुमचं वय झालं आता. बस वेगळी, एसी वेगळा. तुमच्या आवाक्यातलं न्हाई हे."

आबांनी टेस्ट लॅम्पची वायर हळूहळू गुंडाळली. "व्हय, तसंच असंल," म्हणाले आणि आत गेले. माझं ते बोलणं मला आजही टोचतं.

पुढच्या फेरीला वारंगा फाट्यावर एसीची कामं करणाऱ्या मिस्त्रीपुढं गाडी लावली. आई समोरच्या रसवंतीच्या सावलीत जाऊन बसली, सोबत आलेले आबा गाडीपाशीच थांबले. मिस्त्रीनं गेज लावून बघितलं. "गॅस बराबर हाय, भाऊ." मग बॅटरीवरून एक सुटी वायर घेऊन त्यानं थेट कॉम्प्रेसरला टेकवली. टक्! मला नाचावंसं वाटलं.

"कॉम्प्रेसर चांगला हाय. करंटच येऊन न्हाई राहिला," म्हणत तो वायरीच्या मागं मागं गेला, एअर फिल्टरच्या डब्याखाली हात घातला आणि थांबला. "हे कुणी केलं? वायर तोडली न्हाई. जोड उघडून टोकं अलग केलेत आन् वरून फडकं बांधलं. कुणी तरी जाणता माणूस हाय."

मी वाकून बघितलं. इंजिनच्या गरमीनं टेपचा डिंक सुटतो, म्हणून आबा वायरीवर नेहमी फडकंच बांधायचे. ही पट्टी निळ्या चौकड्यांची होती.

आबा हायवेवरच्या ट्रककडं टक लावून उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं. "आबा, काहून?"

"काच बंद झाली की तिला मळमळतं. बसमधी बी तसंच व्हायचं."

"मग मला सांगायचं की!"

"ती सांगू देईल का? पोरगं हौसेनं गाडी घेऊन आलं म्हणून गप बसली. गाडीत ओकारी येऊ न्हाई म्हणून उपाशी निघायची आन् गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायची. आज सकाळी दीड भाकर खाल्ली तिनं. बघितलं का तू?"

मी बघितलं नव्हतं. गार वाऱ्याच्या नादात मी आईला चार वेळा उपाशी दवाखान्यात नेलं होतं, वर तिच्या उपासाला हसलोही होतो. मला इतकी लाज वाटली की आबांच्या तोंडाकडं बघवेना.

"आन् ऊन?" मी कसंबसं विचारलं.

"पहाटं निघत जाऊ. परतायचं ऊन उतरल्यावर."

"जोडू का, भाऊ?" मिस्त्रीनं विचारलं. मी नको म्हणालो आणि टोकं तशीच अलग ठेवून वरून ती पट्टी स्वतः बांधली. आबांनी वाकून बघितलं, "ढिली हाय," म्हणाले आणि सोडवून पुन्हा नीट बांधली.

आई रस पिऊन आली. "झाला का रं नीट?"

"न्हाई आई. लै मोठा बिघाड हाय. आता काच उघडीच ठेवावी लागंल."

"असू दे. तू वाईट वाटून घेऊ नको, लेकरा," असं म्हणत तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत बसल्या बसल्या काचेची मूठ गरागरा फिरवली. फाटा मागं पडला तशी ती तोंड वाऱ्याला धरून बसली, बसमध्ये बसायची तशीच.

थोड्या वेळानं ती मागून म्हणाली, "तुझ्या आबांला एक इचार बरं. चांगल्या रुमालाची कड कुठं फाडून आले? कवाची इचारून राहिले, सांगतच न्हाईत."

"कुठं तरी खिडकी धरली असंल, आई," मी म्हणालो.

आबा समोर रस्त्याकडं बघत राहिले.