कुलदैवताचा पासवर्ड

बेंगळुरूच्या इंदिरानगरातल्या त्या घरातली दुपार मी विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, रेल्वे रुळांवरची प्रेते उचलली. त्यातल्या कशानेही माझी झोप मोडली नाही. या प्रकरणात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता. तरी लोक विचारतात, "साहेब, नोकरीत कधी भीती वाटली का?" तेव्हा मला हेच आठवते.

खबर एका भाडेकरूने आणली. कोरमंगलाच्या कुठल्याशा कंपनीत काम करणारा तरुण, ठाणे अंमलदारासमोर बराच वेळ चुळबुळ करत बसला होता. माझ्या खोलीत आणल्यावर कन्नडमध्ये म्हणाला, "सर, मी ज्यांच्याकडे वरच्या मजल्यावर राहतो त्या अक्का दुपारी आपल्या मेलेल्या नवऱ्याशी बोलतात."

"म्हातारी माणसं बोलतात," मी म्हणालो. "माझी आईही बोलायची."

"तसं नाही, सर. तो उत्तर देतो. मी जिन्यात उभा राहून पुरुषाचा आवाज ऐकलाय."

असल्या खबरीची स्टेशन डायरीत नोंद तरी काय करणार? भूत लिहिले असते तर माझीच चौकशी लागली असती. पण आडनावावरून कळले की घर आमच्यापैकी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी मंडळींचे आहे. मी साध्या कपड्यांत गेलो.

अक्का सत्तरीच्या. "या, स्वल्प बसा, कॉफी टाकते," म्हणाल्या. घर लख्ख, बोलणे ताळ्यावर. नवरा जाऊन वर्ष झाले होते. आईवर लक्ष राहावे म्हणून परदेशातल्या मुलाने दिवाणखान्यात कॅमेरा लावला होता. तो मान फिरवतो आणि त्यातून बोलताही येते. मी सरळच विचारले, आणि अक्कांनीही काही लपवले नाही.

"हाक मारतात. 'अगं' म्हणतात, जसं म्हणायचे तसंच. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आता म्हणतात, हे घर सोड, इथे राहू नकोस. मुलाला वाटलं कॅमेऱ्यातून असलं काही येत नाही, आईलाच भास होतात. त्याने धाकट्या भावजींबरोबर डॉक्टरकडे पाठवलं. गोळ्या सुरू आहेत. होसकोट्याकडे वृद्धाश्रमात खोली ठरली आहे, महिनाअखेर जायचंय." मग पदर सावरून म्हणाल्या, "मला वेड लागलंय का, तेवढं सांगा. लागलं असेल तर सरी, ठीक आहे, मी निमूट जाते."

एवढ्या वर्षांत माझ्याकडे कोणी इतक्या शांतपणे तक्रार मांडली नव्हती. मला त्या बाईची काळजी वाटली, आणि आपल्याला ती आपल्या आईसारखी वाटते आहे हे कळून स्वतःचा थोडा रागही आला. तपासात तसे वाटून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी देवघराच्या दाराआड बसलो. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी जागा होती. अक्का खुर्चीत वाती वळत होत्या. रस्त्यावर सामसूम होती. एकाएकी बारीक घरघर झाली आणि कॅमेऱ्याने मान वळवली. आधी स्वयंपाकघराकडे पाहिले, मग जिन्याकडे, मग माझ्या दाराकडे. तिथे तो थांबला. मी श्वास रोखून बसलो होतो. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. मग तो हळूच अक्कांकडे वळला.

"अगं," आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, थोडा घोगरा, मायेचा. "किती दिवस एकटी बसणार? चल आता. या घरात काही राहिलं नाही."

अक्कांनी वात खाली ठेवली आणि भिंतीवरच्या फोटोकडे पाहून म्हणाल्या, "जाते हो. थोडे दिवस द्या." आपण पोलीस आहोत, हे मला स्वतःला बजावून सांगावे लागले.

ठाण्यात परतल्यावर मी सायबर शाखेतल्या एका महिला उपनिरीक्षकांना बोलावून घेतले. बेळगावकडच्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी आधी अक्कांच्या मुलाला फोन लावला. त्याने कॅमेरा उघडलाच नव्हता. तिकडे तेव्हा पहाट होती. मग त्या अक्कांच्या घरी येऊन राऊटरसमोर बसल्या.

"सर, कुलूप कसलं, नुसती कडी आहे की ही. राऊटरचा आतला पासवर्ड कंपनीतून आला तोच. कॅमेऱ्याचाही तोच. आणि घरात अक्कांचा एकच फोन आहे, पण राऊटरवर दोन दिसतात."

"वायफायचा पासवर्ड काय आहे?"

"कुलदैवताचं नाव, पुढे एक-दोन-तीन."

ते नाव मी इथे लिहीत नाही. हे वाचणाऱ्या निम्म्या घरांत आजही तेच असेल.

माझा पहिला संशय भाडेकरूवर. खबर देणाराच पुष्कळदा गुन्हेगार निघतो आणि या मुलाला यंत्रांतले सगळे कळत होते. त्याला बसवून उलटसुलट विचारले. पोरगा रडकुंडीला आला. शेवटी उपनिरीक्षकांनीच मला थांबवले. "सर, ह्याला मराठीचा एक शब्द येत नाही. तो आवाज तुमच्या घरातली मराठी बोलतो." काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली होती.

मग आम्ही साधा उपाय केला. तिन्ही पासवर्ड बदलले, कॅमेरा नव्या पासवर्डवर पुन्हा जोडला आणि अक्कांना कुणाला काही सांगू नका म्हणालो. मी बेळगावचा पाहुणा म्हणून पेपर वाचत बसलो. माणूस पकडायचा तर त्याच्यामागे धावण्यापेक्षा त्याचे दार बंद करून बसावे. तो ठोठावायला येतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. शेजारच्या घरातले धाकटे दीर, एका कारखान्यातून निवृत्त झालेले. जुन्या घराच्या वाटण्या होऊन मधे भिंत पडली होती, पण देवघर थोरल्यांकडेच राहिले, म्हणून नैवेद्याच्या निमित्ताने येणे-जाणे रोजचे. ताट ठेवून ते सहज म्हणाले, "वहिनी, कॅमेरा बंद पडला का?"

कॅमेऱ्याचा हिरवा दिवा त्यांच्या डोक्यावर जळत होता. त्यांनी वर पाहिलेही नाही.

ठाण्यात त्यांनी आधी कानावर हात ठेवले. मी कॉफी मागवली आणि त्यांच्या भावाबद्दल विचारत राहिलो. आवडता पदार्थ कोणता, चिडायचे का, बायकोला हाक कशी मारायचे. शेवटच्या प्रश्नाला ते नकळत बोलून गेले, "अगं." आणि खोलीत तो आवाज उमटला. उपनिरीक्षकांच्या हातातले पेन थांबले. सख्ख्या भावांचे आवाज सारखे असतात, हे कुणाला ठाऊक नाही?

मग सगळे बाहेर आले. दोन्ही घरांचे वायफाय एकाच माणसाने बसवलेले. दोघांनीही नेटवर्कला आडनाव दिले आणि पासवर्डला कुलदैवत. भिंतीजवळ बसले की त्यांचा फोन आपोआप वहिनींच्या नेटवर्कला लागायचा. त्यांच्या फाटकावरही तसलाच कॅमेरा होता, त्यामुळे एके दिवशी फोनमध्ये दुसराही कॅमेरा दिसला. कंपनीचा पासवर्ड टाकताच तो उघडला.

"मी नुसता बघत होतो, साहेब. वहिनी फोटोशी बोलत होत्या. माझ्या तोंडून 'अगं' निघालं. आणि त्यांनी ओ दिली."

तिथेच थांबले असते तर मीही कदाचित समज देऊन सोडले असते. पण बिल्डरला दोन्ही घरांची जागा एकत्र हवी होती आणि वहिनी हलायला तयार नव्हत्या. डॉक्टरकडे नेणारेही हेच. कुंपणानेच शेत खाल्ले. मोबाईल जप्त झाला, पंचनामा झाला, माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि मुलाने वृद्धाश्रमातली खोली रद्द केली.

या प्रकरणाने मला काय शिकवले? राऊटर आणला की त्याचा कंपनीचा पासवर्ड त्याच दिवशी बदला, कॅमेऱ्याचाही बदला. ज्याची आरती सगळा गोतावळा म्हणतो, त्या देवाच्या नावाचे कुलूप करू नका. आणि म्हातारे माणूस काही ऐकू येते म्हणाले तर डॉक्टर गाठण्याआधी त्याच्याजवळ बसून आपणही ऐका. हे मी आता भेटेल त्याला सांगतो, लोक कंटाळतात.

जबाबावर सही करायला अक्का ठाण्यात आल्या. मी म्हणालो, "तुम्हाला वेड लागलेलं नाही. तसं कागदावर लिहून ठेवलंय." त्यांनी मान हलवली. सही केली, पण उठल्या नाहीत.

"साहेब, एक विचारू? भावजींनी घर मागितलं असतं तर वाद घातला असता, कदाचित दिलंही असतं. पण आता ह्यांचा आवाज आठवायला गेलं की भावजींचाच येतो. रात्रंदिवस प्रयत्न करते, येतच नाही. पन्नास वर्षं ऐकलेला आवाज." त्या थांबल्या. "ह्याला तुमच्याकडे कुठलं कलम आहे?"

मी समोरचे कागद चाळले. मग त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो.