सेन्सर, सरपंचांचा हार आणि एक शेळी

गेल्या रविवारी सकाळी घोटावड्यात, आमच्या दारात, माझ्या गाडीची पूजा झाली. गाडी जुनीच आहे... नवा होता तो इंजिनातला एक सेन्सर, बोटाच्या पेराएवढा. पण आईचं म्हणणं, इंजिन उघडलं म्हणजे पूजा पाहिजेच.

गाडी साधी हॅचबॅक, पण मी तिला टर्बो बसवलाय आणि पुढच्या बंपरमागे इंटरकूलर. म्हणजे टर्बोतून तापून आलेली हवा इंजिनात जायच्या आधी गार करणारी जाळी. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या भाषेत या सगळ्याला 'चांगल्या गाडीचं वाटुळं' म्हणतात.

त्यांचंही चूक नाही म्हणा. मागे एकदा ही गाडी भर पिरंगुटच्या बाजारात बंद पडली, आणि आप्पांच्याच ओळखीच्या लोकांनी ती ढकलली... आप्पा आत बसलेले. त्या दिवसापासून घरात एकच विषय, ही विकायची आणि पिकअप आणायची. मारुंजीचं एक गिऱ्हाईकसुद्धा त्यांनी शोधून ठेवलं होतं, ते रविवारी संध्याकाळी येणार होतं.

मी हातापाया पडून शेवटची एक संधी मागितली. धरणाच्या पलीकडे आत्याकडे जायचंच होतं, वाटेत चांगला चढ आहे. तो चढ गाडीने नीट काढला तर राहील, नाहीतर संध्याकाळी चावी गिऱ्हाइकाच्या हातात.

"एकदा जरी खोकली ना, तरी गेली समज," आप्पा म्हणाले.

म्हणून हा सेन्सरचा उद्योग. इंजिनात शिरणारी हवा किती गरम आहे, ते तो ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. आधीच्या मेकॅनिकने तो रेडिएटरला चिकटूनच बसवला होता. त्यामुळे हवा गार असली तरी हा आपला 'तापलं, तापलं' म्हणून बोंब मारायचा, ईसीयू घाबरून इंजिनाची ताकद काढून घ्यायचा आणि गाडी मान टाकायची.

यावेळी मी आणि माझा मित्र सागर, आम्ही दोघांनी अख्खा शनिवार घातला. इंटरकूलरमधून इंजिनाकडे जाणारा पाइप काढला, भोक पाडलं, पिरंगुटला नेऊन त्यावर आटे पाडलेला तुकडा वेल्ड करून आणला आणि त्यात सेन्सर पिळला. धातूचा कीस आत राहायला नको म्हणून पाइप इतका घासून धुतला, की आईने विचारलं, "बाळाची बाटली हाय का रं ती?"

संध्याकाळी चक्कर मारली. स्टिअरिंगजवळच्या स्क्रीनवरचा हवेच्या तापमानाचा आकडा कसा गरीब गायीसारखा एका जागी. मी निवांत झोपलो.

आणि रविवारी आईने हार काढला.

झालं असं, की माझे चुलते नुकतेच सरपंच झालेत. मिरवणुकीत त्यांना क्रेनने हार घातला होता, आणि नंतर तो भावकीत वाटला. आमच्या वाट्याचा तुकडा मांडीएवढा जाड. फुलं पायाखाली नकोत म्हणून आईने तो गाडीच्या तोंडाला आडवा, चांगले वेढे मारून, सुतळीने आवळला. गाडी फार देखणी दिसत होती. मी फोटो काढला. निरोप द्यायला आलेल्या सागरनेही काढला.

आई, आप्पा आणि मी निघालो. पौड मागे पडलं आणि आकडा वर सरकायला लागला. चढ सुरू झाला तसा तो साठच्या पुढे गेला... मी एसी बंद केला, काचा उघडल्या. सागरला फोन केला तर तो म्हणाला, वायरिंग बघ, मग म्हणाला, वेल्डिंगच फसलं असणार. मला खरंच रडू यायच्या बेतात होतं. दोन वर्षं पगारातून वाचवून, हौसेने जमवलेली गाडी होती ती.

अर्ध्या चढात गाडीने एक आचका दिला.

"खोकली," आप्पा म्हणाले आणि त्यांनी गिऱ्हाइकाला लावायला खिशातून फोन काढला.

तेवढ्यात पुढे शेळ्यांचा कळप आडवा आला. इंजिन चालू ठेवून मी थांबलो. एक काळी शेळी सरळ गाडीपाशी आली, दोन पाय बंपरवर ठेवले आणि हार खायला लागली. तिचं बघून बाकीच्याही आल्या.

"आगं ए भवाने, सोड! लग्नाची गाडी हाय ती!" कळपामागची मावशी काठी घेऊन धावली. आईने तर कपाळालाच हात लावला. मी आकड्याकडे बघत होतो... साठ, पंचावन्न, पन्नास. शेळ्या खात होत्या आणि आकडा उतरत होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. इंटरकूलरच्या नाकातोंडावर आम्ही अख्खा सरपंच बांधला होता!

"माफ करा दादा, मुकं जनावर हाय," मावशी म्हणाली.

मी आप्पांना भडाभडा सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, मग खाली उतरले, खिशातल्या अडकित्त्याने सुतळी तोडली आणि उरलेला हार स्वतः शेळ्यांपुढे टाकला. "खाऊ द्या वं बाई. सुतळी तेवढी पोटात जाऊ देऊ नका."

पुढचा चढ गाडीने असा काढला, की आप्पांनी दाराचं हँडल धरलं. वर पोचल्यावर त्यांनी फोन लावला. "न्हाई, इकायची न्हाई. खोकली न्हाई वं ती, आमीच तिचा गळा धरला व्हता."

त्या काळ्या शेळीचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. काल आईने पुन्हा एक हार आणला, छोटासाच. ती पुढे बांधायला वाकली तर ओट्यावरून आप्पा ओरडले, "पुढं नको! मागं बांध. तिला वारं लागाय पायजे."